मुलीच्या क्रिकेटसाठी गटातून कर्ज द्यावं का?

गेल्या महिन्यात आमच्या गटाच्या बैठकीत एका ताईंनी कर्ज मागितलं. शेळीसाठी नाही, शिलाई मशीनसाठी नाही, तर मुलीच्या क्रिकेटसाठी. बॅट, पॅड आणि शिकवणीची फी. "लीगमध्ये पोरींना कोटी मिळतात म्हणे," ताई म्हणाल्या. हे खरं किती, ते आम्ही समजून घेतलं. तेच आज सांगतो.

क्रिकेटचे मोठे प्रकार तीन. महिलांची कसोटी बहुतेक वेळा चार दिवसांची. एकदिवसीय सामन्यात प्रत्येक संघाला 50 षटकं, ट्वेंटी-ट्वेंटीत 20. हा छोटा खेळ संध्याकाळी सुरू होतो आणि झोपायच्या आत निकाल लागतो. म्हणून टीव्हीवर तो जास्त पाहिला जातो, जाहिरातीही तिकडेच जातात. लीग उभी आहे ती याच पैशावर.

आपल्याकडे गावोगावी टेनिस बॉलच्या स्पर्धांत संघमालक असतो, खेळाडूंचा लिलाव होतो. महिला प्रीमियर लीग तशीच, फक्त फार मोठी. पाच संघांचे हक्क क्रिकेट मंडळाने जानेवारी 2023 मध्ये सुमारे 4,670 कोटींना विकले. पहिल्या लिलावात सांगलीत वाढलेल्या स्मृती मानधनाला 3 कोटी 40 लाख मिळाले. 4 मार्च 2023 चा पहिला सामना आपल्या पनवेलपासून लोकलने जाण्यासारख्या नेरूळच्या डी. वाय. पाटील मैदानावर झाला.

म्हणजे ताईंचं ऐकणं खोटं नव्हतं. पण हिशेब पुढे करू. एका संघात जास्तीत जास्त 18 जणी. पाच संघांच्या मिळून 90, त्यातही परदेशी खेळाडू. सगळ्या देशातल्या मुलींसाठी एवढ्याच जागा. शिवाय त्या लिलावात नव्या मुलीची बोली 10 लाखांपासून सुरू होत होती. कोटी मोजक्या जणींनाच मिळाले.

आता लांबच्या खेळाचं पाहू. 2022 पासून भारताकडून खेळणाऱ्या महिलांना पुरुषांइतकंच सामना शुल्क आहे: कसोटीला 15 लाख, एकदिवसीयला 6, ट्वेंटी-ट्वेंटीला 3. सर्वांत जास्त कसोटीला, पण कसोटी होते किती वेळा? डिसेंबर 2023 मध्ये नेरूळलाच आपल्या मुलींनी इंग्लंडला 347 धावांनी हरवलं. त्याआधीची भारतातली महिला कसोटी 2014 ची, मैसूरची! लीग मात्र दरवर्षी भरते. पुढेही छोटा खेळ वाढत जाईल, असंच आम्हाला वाटतं.

तरी मुलीला फक्त फटके शिकवून भागणार नाही. 2025 च्या विश्वचषकाच्या उपांत्य सामन्यात, याच मैदानावर, ऑस्ट्रेलियाने 338 धावा केल्या. जेमिमा रॉड्रिग्जने नाबाद 127 करून सामना काढला. तास न् तास टिकून राहिली म्हणून ते जमलं. मग 2 नोव्हेंबरला आपण विश्वचषक जिंकलो. प्रशिक्षक निवडताना हे जरूर विचारा: मुलीला टिकून खेळायला शिकवता का?

आमच्या गटाने काय केलं? मागितलेल्यातलं निम्मं कर्ज दिलं. बॅट आणि सहा महिन्यांची फी त्यात बसते. हप्ता ताईंच्या भाजीविक्रीतून झेपेल एवढाच ठेवला. लीगच्या कोटींवर आम्ही एक रुपयाही मोजला नाही. शाळा चालू राहील, हे मुलीनेच बैठकीत येऊन सांगितलं. पहिला हप्ता वेळेवर आला आहे. सहा महिन्यांनी पुन्हा बसू, तेव्हा पुढचं ठरवू.