लहान अनुदानाचा अर्ज : एका शिक्षक-डॉक्टरचा अनुभव

1913 साली श्रीमंत सयाजीराव महाराजांच्या बडोदे संस्थानाने एका तरुण पदवीधराला अमेरिकेतील कोलंबिया विद्यापीठात शिकण्यासाठी शिष्यवृत्ती दिली. रक्कम दरमहा साडेअकरा पौंड, मुदत तीन वर्षे आणि परतल्यावर संस्थानाची दहा वर्षे नोकरी करण्याचा करार. तो तरुण म्हणजे बाबासाहेब आंबेडकर. आपणां बडोदेकरांना ही हकीकत नवी नाही. मी मात्र अलीकडे तिच्याकडे वेगळ्या दृष्टीने पाहू लागलो आहे. रक्कम ठरलेली, मुदत ठरलेली आणि बदल्यात काय द्यायचे तेही लेखी ठरलेले. आजच्या कोणत्याही लहान अनुदानाचा सांगाडा हाच असतो. तो न समजल्यामुळे माझा पहिला अर्ज नामंजूर झाला. त्या अपयशातून जे शिकलो, ते तरुण शिक्षक-डॉक्टरांच्या उपयोगी पडावे, एवढाच या लेखाचा हेतू.

नेतृत्व शिकवायचे कोणी?

2019 पासून लागू झालेल्या एम.बी.बी.एस.च्या क्षमताधिष्ठित अभ्यासक्रमात भारतीय वैद्यकीय पदवीधराच्या पाच भूमिका सांगितल्या आहेत. चिकित्सक, संवादक, आजन्म विद्यार्थी आणि व्यावसायिक यांच्या जोडीला पाचवी भूमिका आहे ती आरोग्यसेवा-गटाचा नेता व सदस्य ही. आमच्या पिढीला हे कोणी शिकवले नाही. युनिटचे प्रमुख बोलत, आम्ही ऐकत असू. पुढे आपणच प्रमुख झालो की नेतृत्व आपोआप येते, असा समज होता.

तो समज एका रात्री प्रसूतिगृहात गळून पडला. बाळ जन्मले, पण रडले नाही. सुमारे दहा टक्के नवजात बालकांना पहिला श्वास घेण्यासाठी थोडीफार मदत लागते, म्हणजे प्रसंग असामान्य नव्हता. खोलीत तीन डॉक्टर होते आणि तिघांनाही पुनरुज्जीवनाचे तंत्र येत होते. एक म्हणाला सक्शन द्या, दुसरा म्हणाला बॅग-मास्क लावा, तिसरा हृदयाचे ठोके मोजत राहिला. अखेर सिस्टरने काकुळतीने विचारले, "साहेब, कोनुं सांभळुं?" बाळ पुढे रडले आणि आईबरोबर सुखरूप घरी गेले. परंतु ज्याला आम्ही सोनेरी मिनिट म्हणतो, त्यातले बरेच क्षण कोणाचे ऐकावे या प्रश्नातच गेले होते. तेथे ज्ञानाची उणीव नव्हती. उणीव होती, 'मी सूत्रे घेतो' असे म्हणणाऱ्या एका आवाजाची.

पहिला अर्ज

निवासी डॉक्टरांसाठी नेतृत्व-विकासाचा प्रकल्प करावयाचा निश्चय केला आणि एका संस्थेच्या लहान अनुदानासाठी अर्ज लिहिला. आज तो वाचताना संकोच वाटतो. 'सर्वांगीण नेतृत्वगुणांचा विकास', 'समाजाभिमुख वैद्यकीय पिढी' अशी वाक्ये पानोपानी होती. निम्म्याहून अधिक खर्च लॅपटॉप आणि प्रोजेक्टरसाठी दाखवला होता. त्या रात्रीचा उल्लेख मात्र कोठेच नव्हता. दोन महिन्यांनी नकार आला. सोबत परीक्षकाची टीप होती. तिचा आशय असा, की वर्षअखेर नेमके काय बदललेले असेल आणि ते तुम्हांला कसे कळेल, हे अर्जातून समजत नाही.

प्रारंभी राग आला. नंतर पटले, की हा प्रश्न आपण रोज रुग्णाबाबत विचारतो. उपचार लिहिताना निदान, मात्रा, मुदत आणि पुनर्तपासणी ठरवतो. अर्ज लिहिताना मात्र मी मोघम निदानावर भरमसाट औषधे लिहून दिली होती.

दुसरा अर्ज

दुसऱ्या अर्जाची सुरुवात मी सिस्टरच्या त्या प्रश्नाने केली. समस्या एका वाक्यात मांडली : पुनरुज्जीवनाच्या वेळी गटाचा नेता ठरलेला नसतो. उपाय : बारा निवासी डॉक्टरांनी सहा महिने, दर पंधरवड्याला, पुतळ्यावर सराव करावा, पाळीपाळीने नेतृत्व करावे आणि प्रत्येक सरावानंतर दहा मिनिटे परस्परांशी मोकळी चर्चा करावी. सिस्टरांनाही त्यात बरोबरीचे स्थान.

मूल्यमापनासाठी डोनाल्ड कर्कपॅट्रिक यांची चार पायऱ्यांची पद्धत उपयोगी पडली. शिकणाऱ्याला कार्यक्रम कसा वाटला, तो काय शिकला, त्याचे वर्तन बदलले का आणि अंतिम परिणाम काय, या त्या पायऱ्या. बहुतेक शिबिरे पहिल्याच पायरीवर थांबतात. 'कार्यक्रम छान झाला' असे अभिप्राय गोळा होतात आणि फाईल बंद होते. मी तिसरी पायरी धरली. नेत्याने भूमिका मोठ्याने वाटून दिल्या का, दिलेली सूचना ऐकणाऱ्याने परत उच्चारली का, बॅग-मास्क किती सेकंदांत सुरू झाला, या तीनच गोष्टी मोजायच्या. बारा जणांच्या प्रकल्पातून बालमृत्यू घटल्याचा दावा करणे अप्रामाणिक ठरले असते. म्हणून चौथ्या पायरीचे वचन दिले नाही, आणि ते का देत नाही हेही लिहिले.

पुतळा विभागात होताच. त्यामुळे खर्च उरला तो पुतळ्याची दुरुस्ती, छपाई, बाहेरून येणाऱ्या प्रशिक्षकाचा प्रवास, नोंदी भरणाऱ्या मदतनिसाचे मानधन आणि चहा-नाश्ता एवढाच. प्रत्येक रकमेपुढे तिचे कारण एका ओळीत दिले. अर्ज मंजूर झाला.

कागदपत्रांविषयी चार शब्द

पहिले, शिकणारे आपल्याच हाताखालचे असतात. विभागप्रमुखाने संमतिपत्र पुढे केले तर 'नाही' कोण म्हणणार? म्हणून संमती दुसऱ्या विभागाच्या सहकाऱ्याने घ्यावी आणि सहभागाचा परीक्षेशी संबंध नाही, हे लेखी द्यावे. आचारनीती समितीकडे आधीच जावे. दुसरे, अनुदान बहुधा संस्थेच्या खात्यात येते. लेखाविभागाशी पहिल्याच दिवशी बोलून घ्यावे, अन्यथा मंजूर पैसा वेळेवर हाती पडत नाही. तिसरे, केंद्र सरकारचे अनुदान असल्यास शेवटी विनियोग प्रमाणपत्र द्यावे लागते. पावत्या पहिल्या दिवसापासून क्रमवार लावाव्यात. चौथे, विद्यार्थ्यांना या वाटेवर लवकर आणावे. भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेची पदवीपूर्व विद्यार्थ्यांसाठीची अल्पकालीन संशोधन विद्यार्थिवृत्ती 1979 पासूनची आहे. दोन महिन्यांच्या त्या कामात विद्यार्थी अर्ज आणि अहवाल दोन्ही लिहायला शिकतो. शिक्षकांसाठी 'फायमर'ची दोन वर्षांची फेलोशिप आहे. मुंबईच्या सेठ गो. सुं. वैद्यकीय महाविद्यालयात तिचे प्रादेशिक केंद्र 2005 साली सुरू झाले. तीत स्वतःच्या महाविद्यालयात शैक्षणिक प्रकल्प राबवणे हा शिक्षणाचाच भाग असतो.

प्रकल्प संपल्यावर काही महिन्यांनी मी रात्री प्रसूतिगृहात गेलो. एक बाळ रडले नव्हते. दुसऱ्या वर्षाची निवासी डॉक्टर शांतपणे म्हणाली, "मी नेतृत्व करते. सिस्टर, तुम्ही वेळ सांगा." मी दारातच थांबलो. मला आत जावे लागले नाही.

आपल्या मंडळात अनेक ज्येष्ठ सभासद निवृत्तीनंतर समाजाला काही देऊ इच्छितात. सत्कार आणि ढाली यांच्या खर्चातून दरवर्षी एक लहान अनुदान सहज उभे राहील. रक्कम थोडी असली तरी चालेल. मात्र अर्जात एक प्रश्न अवश्य विचारावा : वर्षअखेर काय बदललेले असेल, आणि ते कसे कळेल? सयाजीरावांच्या नगरीला ही परंपरा परकी नाही.