जुन्या मोटारीचे दिवे आणि बैठक

जुनी मोटार म्हटली म्हणजे पुष्कळांच्या डोळ्यांपुढे एखाद्या संस्थानिकाची लांबलचक गाडी उभी राहते. आम्ही ज्या मोटारीविषयी बोलणार आहोत ती इतकी खानदानी नाही. आपल्यापैकी बहुतेकांनी ती पाहिली आहे आणि निम्म्यांनी तरी भाडे मोजून तिच्यातून प्रवास केला आहे. मुंबईची काळी-पिवळी टॅक्सी म्हणून जिची ओळख होती ती फियाट, म्हणजेच पुढची प्रीमियर पद्मिनी.

सोलापूरच्या वालचंद हिराचंदांनी १९४४ साली प्रीमियर ऑटोमोबाईल्स ही कंपनी काढली. १९४७ पासून तिच्या कुर्ल्याच्या कारखान्यातून मोटारी बाहेर पडू लागल्या. प्रथम अमेरिकन क्रायस्लरच्या जातीच्या, मग पन्नाशीच्या दशकात इटलीच्या फियाटच्या. १९६४ साली ‘फियाट ११०० डिलाइट’ आली, आणि सत्तरीच्या दशकात तिलाच प्रथम ‘प्रेसिडेंट’ व नंतर ‘पद्मिनी’ हे नाव मिळाले. २००० सालाच्या सुमारास तिचे उत्पादन थांबले. मुंबईतील शेवटची पद्मिनी टॅक्सी २९ ऑक्टोबर २००३ रोजी नोंदली गेली होती. टॅक्सीला वीस वर्षांची वयोमर्यादा असल्यामुळे ऑक्टोबर २०२३ अखेर तिची सद्दी संपली. मात्र खासगी मालकांनी जिवापाड जपलेल्या गाड्या अजून आहेत, आणि त्यांची अडचण हाच आमचा विषय.

अडचण इंजिनाची नाही. इंजिन थकले तर बोअर करून घेता येते, पिस्टन मिळतात, आणि एखादा भाग नाहीच मिळाला तर लेथवर उतरवता येतो. पण मागच्या दिव्याची लाल काच फुटली तर तिला लेथ काय करणार? ती काच, डॅशबोर्डवरची बटणे, दाराची मूठ, खिडकीभोवतीचे रबर हे सारे साच्यातून निघालेले पदार्थ. कारखाना थांबतो तेव्हा मोटार मागे उरते, साचे मोडीत जातात. म्हणून असा भाग नव्याने करायचा म्हणजे आधी साचा नव्याने करायचा.

या कामी आपला तालुका भाग्यवान आहे. रेल्वेच्या पूर्वेला वालीव, सातिवली, गोखिवरे या बाजूच्या औद्योगिक वसाहतींतून चक्कर मारली तर एका गाळ्यात डाय कोरण्याचे काम, शेजारी प्लास्टिकचे मोल्डिंग, त्यापलीकडे मुलामा देणारा, असा बाजार भरलेला दिसतो. तेव्हा कौशल्य दूर शोधायला नको. प्रश्न एवढाच, की कारागिराला आपण काय सांगतो? ‘अगदी असेच करून द्या’ असे सांगून जुना भाग त्याच्या हातात ठेवला की आपले काम झाले, असे आपण समजतो. येथेच फसगत होते. भाग दिसतो कसा हे त्याला दिसते; भाग करतो काय हे त्याला कोणी सांगत नाही.

मागच्या दिव्याची काचच घ्या. (काच म्हणावयाचे, वस्तुतः ते ॲक्रिलिक.) एकदोनच नग हवे असतील तर पोलादी डाय परवडत नाही. मग जुनी काच स्वच्छ करून, तुटका कोपरा मेणाने भरून, तिच्याभोवती सिलिकॉन रबर ओततात. रबर घट्ट झाले की काच काढून घ्यायची आणि त्या पोकळीत रंगवलेले रेझिन ओतायचे. दुसऱ्या दिवशी हातात हुबेहूब काच येते. पण पॉलिस्टर रेझिन घट्ट होताना आकसते, म्हणून नवी काच मूळच्यापेक्षा किंचित लहान निघते आणि स्क्रूची भोके जुळत नाहीत. ती बळेच बसवली की तडा जातो. हे निदान डोळ्यांना तरी दिसते.

न दिसणारा दोष याहून वाईट. पुष्कळ गाड्यांच्या मागच्या काचेत एक चौकट असते आणि तिच्या आतल्या अंगाला बारीक दाणे असतात. ती नक्षी नव्हे. त्यातला प्रत्येक दाणा म्हणजे खोलीचा कोपरा आहे असे समजा: तीन भिंती, एकमेकींशी काटकोनात. अशा कोपऱ्यात चेंडू टाकला तर तिन्ही भिंतींवर आपटून तो टाकणाऱ्याकडेच परत येतो, प्रकाशाचेही तसेच. मागून येणाऱ्या ट्रकचा झोत त्या दाण्यांवर पडतो आणि ट्रकवाल्याच्याच डोळ्यांकडे परत जातो. आपली गाडी दिवे बंद करून महामार्गाच्या कडेला उभी असली तरी ती त्याला दिसते, ती या दाण्यांमुळे. मात्र काटकोन अगदी नेमका हवा. चाळीस वर्षांच्या घासलेल्या काचेवरून साचा घेतला, कडा जराशा गोलसर आल्या, की प्रकाश भलतीकडे पसरतो. दिवसा काच सुंदर लाल दिसते आणि रात्री आंधळी असते. म्हणून आम्ही म्हणतो की हा तुकडा ओतून करू नये. बाजारात नवा प्रमाणित रिफ्लेक्टर मिळतो, तो वेगळा बसवावा. मूळ रूपाला थोडा बाध येईल, येऊ द्या.

पुढच्या दिव्याबाबत आमचीच एक फजिती सांगतो. दिव्याच्या आतला वाटीसारखा रिफ्लेक्टर काळवंडला होता. आम्ही तो एका मुलामा देणाऱ्याकडे नेला आणि बंपरासारखा चकचकीत करून मागितला. त्याने तसाच करून दिला; तोंड पाहून घ्यावे असा. त्या रात्री विरारहून अर्नाळ्याकडे जाताना समोरचा सायकलवाला आम्हांला दहा पावलांवर आला तेव्हा दिसला. ब्रेक लागला, देवाची कृपा. दोष मुलामा देणाऱ्याचा नव्हता. आम्ही मागितले तेच त्याने दिले होते. क्रोम डोळ्यांना झगझगीत वाटते, पण त्यावर पडलेल्या प्रकाशापैकी ते सुमारे दोन तृतीयांशच परत फेकते. ॲल्युमिनियमचा पातळ थर नव्वद टक्क्यांच्या आसपास फेकतो, आणि चांदी त्याहूनही थोडा अधिक. चांदी हवेतल्या गंधकाने काळी पडते, म्हणून आज निर्वात पेटीत ॲल्युमिनियमची वाफ बसवणे हाच योग्य मार्ग. बंपराला क्रोम, दिव्याला ॲल्युमिनियम. दिसायला दोन्ही पांढरेच!

रिफ्लेक्टर चांगला झाला तरी बल्ब जागेवर हवा. त्या वाटीला एक केंद्रबिंदू असतो. बल्बची तार तेथे असली तरच झोत बांधला जातो. हल्ली जुन्या वाटीत एलईडीचा बल्ब खोचतात. त्याची चकाकणारी चकती तारेच्या जागी नेमकी आली नाही, तर उजेड पुष्कळ होतो पण रस्त्यावर पडण्याऐवजी समोरच्याच्या डोळ्यांत जातो.

दुसरे, काच कोणत्या देशाची आहे हे पाहावे. मूळ फियाट इटलीची, तेव्हा काच इटलीहून मागवावी असा मोह होतो. पण इटलीत वाहने उजवीकडून चालतात. तेथल्या काचेवरच्या उभ्या-आडव्या रेघा डिपरचा झोत उजव्या कडेकडे उचलतात. आपल्याकडे उजवीकडून येते समोरची गाडी. परीक्षा सोपी आहे. रात्री सपाट जागी भिंतीपासून पंचवीस-तीस फुटांवर गाडी उभी करा आणि डिपर लावा. उजेडाची वरची कड डावीकडे चढत असेल तर काच आपली. उजवीकडे चढत असेल तर ती कपाटात शोभेला ठेवा.

आणि यातले काहीही करण्यापूर्वी तारा तपासा. बल्बला बारा व्होल्टऐवजी पावणेअकरा मिळाले, तर उजेड दहा टक्क्यांनी नव्हे, जवळजवळ तीस टक्क्यांनी घटतो. आपल्याकडे समुद्राची खारी हवा. दिव्याची अर्थची तार जेथे पत्र्याला जोडलेली असते तेथे गंज चढतो आणि दाब तेथेच खर्च होतो. कितीतरी दिवे काच-वाटी बदलून झाल्यावर शेवटी दोन रुपयांच्या सॅंडपेपरने सुधारतात.

बैठकीकडे येऊ. पद्मिनीत पुष्कळ वर्षे पुढची बैठक बाकासारखी अखंड असे आणि गिअरचा दांडा स्टिअरिंगखाली. त्या बाकात स्प्रिंगा, त्यांवर गोणपाट, मग काथ्या, कापूस आणि सर्वांत वर रेक्झिन. आज गादीवाला हे सारे उपसून फोमचा एकच ठोकळा भरतो. काम लवकर होते, पण गादी उंच होऊन चालवणाऱ्याचे डोके छताला लागते, नाहीतर वर्षभरात बसते. जुन्या गादीचे रेक्झिन उसवण्यापूर्वी तिची उंची मोजून लिहून ठेवावी, इतके केले तरी पुरे.

दाराच्या आतल्या अस्तराची गोष्ट वसईकरांनी विशेष लक्षात घ्यावी. ते हार्डबोर्डचे असते. लोक नवा हार्डबोर्ड कापून, रेक्झिन ताणून सुरेख अस्तर करतात, आणि पहिल्याच पावसाळ्यात ते पापडासारखे फुगते. कारण, खिडकीच्या काचेवरून ओघळलेले पाणी दाराच्या पोटात उतरते आणि खालच्या भोकांतून बाहेर पडते. दार हे मुळातच आतून ओले होण्यासाठी केलेले आहे. हार्डबोर्डाच्या मागे प्लास्टिकचा कागद चिकटवलेला असतो, तो जुने अस्तर काढताना फाटतो आणि कचरा म्हणून जातो. तो पुन्हा लावावा, आणि खालची भोके तारेने मोकळी करावी.

बटणे आणि मुठी आता थ्रीडी छपाईने होतात. पण त्यासाठी सर्रास वापरले जाणारे पीएलए साठ अंशांच्या आसपास मऊ पडते, आणि वैशाखात बंद गाडीचा डॅशबोर्ड त्याहून तापतो. म्हणून छापलेले बटण हा नमुना समजावा. त्यावरून साचा घेऊन, उष्णता सोसणाऱ्या प्लास्टिकचे बटण करावे.

येथे कोणी विचारील की इतके बदलल्यावर गाडी जुनी राहिली कोठे? सरकारने २०२१ साली केलेल्या नियमांत पन्नास वर्षांवरील वाहनाला ‘व्हिंटेज’ म्हणून नोंदण्याची सोय आहे. गाडी मूळ रूपात हवी, सांगाडा, बॉडी किंवा इंजिन यांत फेरफार केलेला नको, अशी त्यातली अट आहे. जुन्या वाहनांच्या ‘फिवा’ या आंतरराष्ट्रीय संघाने २०१२ साली स्वीकारलेली तुरिनची सनद याहून बारीक बोलते: बदललेल्या भागावर ओळखता येईल अशी कायमची खूण असावी आणि काढलेला मूळ भाग गाडीबरोबर जपावा. आम्ही आता नव्या काचेच्या आतल्या अंगाला साल कोरून घेतो, आणि फुटकी काच कापडात गुंडाळून डिकीतल्या डब्यात ठेवतो. पुढच्या माणसाला साचा करावयाचा झाला तर मापे त्या फुटक्या काचेवरूनच घ्यावी लागतील.