म्हाताऱ्या गिनीपिगला नवा सोबती

गिनीपिग कळपातला प्राणी. स्वित्झर्लंडमध्ये तर 2008 पासून तो एकटा पाळायला कायद्यानेच मनाई आहे. आयुष्य 5 ते 8 वर्षांचं, त्यामुळे जोडीतला एक आधी जातो आणि मागे राहिलेला खाणं कमी करून कोपरा धरतो.

नवा आणलात की लगेच पिंजऱ्यात सोडू नका. दोन-तीन आठवडे वेगळ्या खोलीत ठेवा. बुरशी, उवा, सर्दी तेवढ्यात दिसून येते. भेट घडवायची ती दोघांचाही वास नसलेल्या जागी. जुनी चादर, दोन-तीन ठिकाणी गवताचे ढीग, दोन्ही बाजूंनी उघडी खोकी. एकच दार असलेल्या खोक्यात कमजोर जीव कोंडला जातो. घुर्रघुर्र करत कंबर हलवणं, अंगावर चढणं, मागे लागणं हे चालायचंच. थोरला कोण ते ठरतंय. दातांची सततची कटकट मात्र धोक्याची सूचना. एकमेकांवर झेप घेतली तर मध्ये हात घालू नका, टॉवेल टाका.

उधळणारं पिल्लू थकलेल्या आजोबांना नकोसं होऊ शकतं. माझं मत शांत, मध्यमवयीन सोबत्याला. नर-मादी ठेवायचे तर नराची नसबंदी आधी, आणि नंतरही सहा आठवडे थांबायचं. उतारवयात पहिलं बाळंतपण मादीच्या जिवावर बेतू शकतं.

पहिले काही आठवडे दोघांचंही वजन स्वयंपाकघरातल्या काट्यावर करत राहा. म्हातारा घटू लागला तर थेट पशुवैद्य गाठा.