दोन बोटांची रात्र

"ताई, अजून दोनच बोटं उघडलंय." पहाटे तीन वाजता हातमोजे काढता काढता सिस्टर म्हणाल्या आणि माझ्या भाचीचा चेहरा पडला. पहिली कळ शुक्रवारी दिवेलागणीला आली होती. आता रविवार उजाडायला आला होता. शनिवारी दुपारीही दोनच बोटं होती. मधल्या बारा-तेरा तासांत ती जिने चढली-उतरली, तिने व्हरांड्यात येरझाऱ्या घातल्या, कळ आली की कठडा धरून श्वास सोडला, फोनवर प्रत्येक कळेची वेळ टिपली. "मावशी, मग हे सगळं फुकट गेलं का गं?" तिने विचारलं. दुखण्यापेक्षा या विचारानेच तिला रडू कोसळत होतं.

फुकट काहीच गेलं नव्हतं. पण ते तिला दाखवायचं कसं, हे त्या क्षणी मला सुचलं नाही. म्हणून हा लेख.

गर्भपिशवीच्या तोंडात तपासणाऱ्याची किती बोटं जातात, यावरून आपल्याकडे बाळंतपण किती पुढे सरकलं ते सांगतात. दोन बोटं म्हणजे साधारण तीन सेंटिमीटर. पूर्ण उघडणं म्हणजे दहा. या मापाने फक्त रुंदी कळते, आणि पहिलटकरणीच्या बाबतीत सुरुवातीचं बरंचसं काम रुंदीत दिसतच नाही. नऊ महिने बाळाला आत धरून ठेवणारं हे तोंड म्हणजे तीन-चार सेंटिमीटर लांबीची, कोलॅजनच्या घट्ट धाग्यांनी विणलेली मान असते. एरवी ते नाकाच्या शेंड्यासारखं टणक लागतं आणि गरोदरपणात ओठासारखं मऊ होतं, असं वैद्यकीच्या विद्यार्थ्यांना पिढ्यान्‌पिढ्या शिकवलं जातं. बाळंतपण जवळ आलं की प्रोस्टाग्लँडिनसारखी रसायनं तिथे वाढतात, कोलॅजनची वीण सैल पडते, पेशीजालात पाणी शिरतं. मग कळा सुरू झाल्या की ती मान हळूहळू वर, पिशवीच्याच भिंतीत ओढली जाते. नाडीचा बटवा आठवा. त्याची चुणीदार मान ओढून सरळ केली तर ती बटव्याच्या अंगातच मिसळून जाते आणि राहतं ते नुसतं तोंड. तसंच. शनिवारी दुपारची दोन बोटं जाड, लांब मानेतली असू शकतात आणि रविवारी पहाटेची दोन बोटं कागदासारख्या पातळ झालेल्या कडेतली. आकडा एकच, पण मधल्या तासांत केवढं काम झालेलं असतं! शिवाय मागच्या बाजूला वळलेलं तोंड पुढे येतं, बाळ हनुवटी छातीला टेकवून खाली सरकतं. तपासणीनंतर सिस्टरने "दोनच बोटं, पण तोंड छान पातळ झालंय" एवढी चार शब्दांची भर घातली, तर त्या बाईची सगळी रात्र बदलेल असं मला मनापासून वाटतं.

न्यूयॉर्कमधले तरुण डॉक्टर इमॅन्युएल फ्रीडमन यांनी १९५४ मध्ये चौकटीच्या कागदावर बाळंतपणाचे आलेख मांडले. आडवे तास, उभे सेंटिमीटर. रेघ कित्येक तास जवळजवळ आडवी चालत होती आणि मग एकदम चढत होती. या आडव्या भागाला आपल्या पुस्तकांत 'सुप्त अवस्था' म्हणतात. मला तो शब्द कधीच पटला नाही. सुप्त म्हणजे झोपलेली, आणि या अवस्थेतल्या बाईच्या डोळ्याला तर डोळा लागत नाही. फ्रीडमन यांच्या नोंदींत पहिलटकरणींचा हा काळ सरासरी साडेआठ तासांच्या आसपास होता. वीस तासांपुढे गेला तर तो लांबलेला समजावा, आणि आधी बाळंतपण झालेल्या बाईत चौदा तासांपुढे, अशी मर्यादा त्यांनी आखली. २०१० मध्ये अमेरिकेतल्या बासष्ट हजारांहून अधिक बाळंतपणांच्या नोंदी तपासल्या गेल्या, तेव्हा सहा सेंटिमीटरपर्यंत अनेकींचा वेग संथच असतो असं दिसलं. जागतिक आरोग्य संघटनेनेही २०१८ मध्ये पाच सेंटिमीटरपासून पुढे खरा वेग धरला असं मानायला सांगितलं. त्याआधीचा काळ किती असावा याचं ठरलेलं माप नाही, आणि आई-बाळ ठीक असतील तर या टप्प्याआधी कळा वाढवायचं इंजेक्शन किंवा सिझेरियन करू नये, असंही त्या सूचनांमध्ये स्पष्ट म्हटलं आहे. म्हणजे माझी भाची ज्या परीक्षेत नापास झाल्यासारखी रडत होती, तिचा पेपर अजून हातात यायचा होता.

आता तिच्या फोनमधल्या नोंदी बघू. कळ दर आठ मिनिटांनी, टिकायची चाळीस सेकंद. बारा तासांत अशा नव्वद कळा होतात. नव्वद गुणिले चाळीस म्हणजे तीन हजार सहाशे सेकंद. एक तास! बारा तासांच्या त्या रात्रीत कळांचा वेळ अवघा एक तास आणि कळा नसलेला वेळ अकरा तास. हा हिशेब मी नंतर कागदावर केला आणि माझे डोळे उघडले. ती दमली होती ती त्या एका तासाने कमी आणि उरलेल्या अकरा तासांनी जास्त. त्या अकरा तासांत ती पुढच्या कळेची वाट बघत होती, घड्याळ बघत होती, आणि आम्ही नातेवाईक तिला "चाल, चाल, चालल्याने लवकर होतं" म्हणून पिटाळत होतो.

चालण्यात तथ्य आहे. उभं राहिल्याने, चालल्याने पहिला टप्पा तासाभराने कमी होतो असं अनेक चाचण्या एकत्र करून काढलेल्या निष्कर्षात दिसतं. पण म्हणून मध्यरात्री जिने चढवायचे नसतात. कळा बहुधा रात्रीच का सुरू होतात, याचा धागा मेलाटोनिनपाशी जातो. अंधारात स्रवणारं हे संप्रेरक गर्भाशयाच्या स्नायूवर ऑक्सिटोसिनच्या जोडीने काम करतं. म्हणजे बाई दिवसभराची जागी असताना कळा सुरू होतात आणि पहिल्याच रात्री ती उरलेली ताकद उधळून बसते. पहिल्या रात्री करायची गोष्ट एकच: दिवा मालवून कुशीवर पडणं, पोटाखाली आणि दोन गुडघ्यांमध्ये उशी. झोप लागली नाही तरी कळांच्या मधली सात मिनिटं अंग सैल सोडायचं. फोन दुसऱ्या कुणाच्या हातात द्यायचा. कळा मोजायची गरज त्या लांबल्या, जवळ आल्या, बोलता येईना अशा झाल्या की पडते.

थकवा आणि भीती यांचा गर्भाशयाशी थेट संबंध आहे. भेदरलेल्या, चिडलेल्या शरीरात ॲड्रेनालिन वाढतं आणि ते गर्भाशयाचा स्नायू सैल करतं. अवेळी आलेल्या कळा थांबवायला दिलं जाणारं टर्ब्युटालिन नेमक्या याच वाटेने काम करतं. दुसरं, गर्भाशय हाही शेवटी स्नायूच. कळेच्या वेळी त्याच्या रक्तवाहिन्या दाबल्या जातात आणि मधल्या उसंतीत ताजं रक्त येतं. लिव्हरपूलमधल्या संशोधकांनी २००४ मध्ये दाखवलं की ज्यांचं बाळंतपण रखडलं होतं, त्यांच्या गर्भाशयाच्या स्नायूतल्या रक्तात लॅक्टिक आम्ल जास्त होतं. मैलभर धावल्यावर पोटऱ्या भरून येतात, त्याच जातीची ही गोष्ट. म्हणून दोन कळांमधली उसंत हा कामाचाच भाग आहे. तिथे कुणी "हं, आता पुढची येईल" म्हणत बसू नये.

आणि पोटात काही हवं. बाळंतपणात उपाशी ठेवण्याची रीत कुठून आली? १९४६ मध्ये डॉक्टर कर्टिस मेंडेलसन यांनी न्यूयॉर्कच्या एका रुग्णालयातल्या चव्वेचाळीस हजार बाळंतपणांमध्ये भुलीखाली पोटातलं अन्न-आम्ल फुप्फुसात गेल्याची सहासष्ट उदाहरणं नोंदवली. तेव्हा भूल मुखवट्यातून दिली जात असे आणि धोका खरा होता. आज भूल देण्याची पद्धत पार बदलली, पण "काही खायचं नाही" हे वाक्य वॉर्डात तसंच राहिलं. धोका कमी असलेल्या बाईला कळांच्या काळात खाऊ-पिऊ द्यावं, असं जागतिक आरोग्य संघटना सांगते. सिझेरियनची शक्यता असेल तर डॉक्टरांना विचारूनच. भूक नसते, मळमळतं, म्हणून ताट वाढायचं नाही. तांदळाची मीठ घातलेली पेज, मऊ भात, शिऱ्याचे दोन घास, मीठ-साखरेचं लिंबू सरबत, तेही घोटाघोटाने. आणि दर दोन तासांनी लघवीला नेणं. भरलेली लघवीची पिशवी बाळाच्या डोक्याची वाट अडवते.

सोबतीचा परिणाम मात्र मला थक्क करतो. ग्वाटेमालात १९८० मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका छोट्या अभ्यासात अनोळखी पण प्रेमळ बाई शेवटपर्यंत शेजारी बसलेल्या स्त्रियांचं बाळंतपण भरती झाल्यापासून सरासरी नऊ तासांच्या आत झालं, एकट्या राहिलेल्यांना एकोणीस तासांहून जास्त लागले. पुढच्या मोठ्या चाचण्यांत फरक एवढा मोठा आला नाही, पण तो कायम राहिला. आपल्या केंद्र सरकारने २०१६ मध्ये सरकारी रुग्णालयांत प्रसूतीच्या वेळी एका स्त्री-सोबतिणीला परवानगी दिली. सोबतीण म्हणजे सल्ले देणारी नव्हे. कळ आली की कंबरेच्या खालच्या हाडावर तळहाताने घट्ट दाबून धरणारी, गरम पाण्याची पिशवी टॉवेलात गुंडाळून पाठीशी लावणारी, आणि दोघी असतील तर आळीपाळीने झोपणारी. दमलेली आई दमलेल्या मुलीला धीर देऊ शकत नाही.

इंग्रजी पुस्तकं सांगतात, सुरुवातीचा हा संथ काळ घरीच काढा. पुण्या-मुंबईत, दवाखाना पंधरा मिनिटांवर असताना, डॉक्टरांशी बोलून हे जमतं. पावसाळ्यात ओढा भरला की रस्ता तुटणाऱ्या पाड्यावर हा सल्ला जीवघेणा ठरेल. आदिवासी भागात आरोग्य केंद्राशेजारी 'माहेरघर' उभारून दिवस भरत आलेल्या बायकांना आधीच आणून ठेवण्यामागे हाच विचार आहे. आणि शहर असो की पाडा, काही खुणा दिसल्या की थांबायचं नाही: पाणी फुटणं, तेही हिरवट असेल तर विशेष, ताजं रक्त जाणं, बाळाची हालचाल मंदावणं, ताप, डोकं फुटल्यासारखं दुखणं, डोळ्यांपुढे अंधारी, दोन कळांमध्ये पोट सैलच न पडणं, सदतीस आठवड्यांच्या आत कळा येणं. याला थकवा समजू नये.

त्या पहाटे राउंडला आलेल्या डॉक्टरीणबाईंनी बाळाचे ठोके पाहिले, आई-बाळ दोघं ठीक असल्याची खात्री केली आणि म्हणाल्या, "हिला झोपवू या." झोपेचं इंजेक्शन दिलं, खोलीतले दिवे घालवले, आम्हा तिघींना बाहेर काढलं. हा उपचार जुना आहे. फ्रीडमन यांच्याच काळापासूनचा पाठ्यपुस्तकांतला आडाखा असा की अशा गाढ विश्रांतीनंतर शंभरातल्या पंचाऐंशी जणी जोरदार कळांसह जाग्या होतात, दहा जणींच्या कळा थांबतात, म्हणजे त्या खोट्या होत्या, आणि पाच जणींच्या तशाच रेंगाळतात. त्या पाच जणींसाठी मग कळा वाढवायच्या इंजेक्शनचा विचार.

भाची साडेआठला जागी झाली ती कळेनेच. ओठ सुकले होते, केस कपाळाला चिकटले होते. तिने आधी चहा मागितला, पेलाभर प्यायली, आणि पुढच्या कळेला कठड्याऐवजी माझा दंड धरला. तपासल्यावर पाच सेंटिमीटर. बाळ यायला त्यानंतरही सात तास लागले, पण त्या सात तासांत तिने एकदाही घड्याळ विचारलं नाही.