चढावर अडलेले घर

कॅलिफोर्नियातील मोहावी वाळवंटात बेकर नावाचे एक चिमुकले गाव आहे. १९१३ साली जवळच्याच डेथ व्हॅलीत नोंदल्या गेलेल्या १३४ अंश फॅरनहाइट तापमानाचे स्मारक म्हणून तेथे १३४ फूट उंचीचा एक तापमापक उभारलेला असून, लास व्हेगासकडे निघालेला प्रवासी त्याच्याकडे कौतुकाने पाहत गाव ओलांडतो न ओलांडतो तोच रस्ता चढणीला लागतो, आणि चार हजार फुटांच्या आसपास उंची गाठीपर्यंत काही केल्या सपाट होण्याचे नाव घेत नाही. वसंताच्या आरंभीच्या एका अकाली तापलेल्या दुपारी ह्याच चढावर माझ्या एका वडीलधाऱ्या स्नेह्यांचे मोटारहोम, म्हणजे स्वयंपाकघर, न्हाणीघर आणि शय्यागृह पाठीवर घेऊन धावणारी ती अवाढव्य मोटार, प्रथम कुरकुरली, मग झटके खाऊ लागली आणि अखेर रस्त्याच्या कडेला निःशब्द उभी राहिली. अप्पांनी, त्यांना आम्ही सारे अप्पाच म्हणतो, किल्ली फिरवून पाहिली. इंजिन फिरले, पण पेटले नाही. मागच्या ओट्यापाशी पडलेल्या वाट्या गोळा करीत वहिनी म्हणाल्या, “अहो, पंप तर मागच्याच महिन्यात नवा घातलात ना?”

वहिनींच्या ह्या साध्या प्रश्नातच साऱ्या मामल्याचे मर्म होते, ते आम्हांस पुढे दोन दिवसांनी उमगले.

अमेरिकेत अशी फिरती घरे काही नवलाची नाहीत. आयोवा राज्यातील फॉरेस्ट सिटी येथल्या विनेबॅगो कंपनीने १९६६ साली ती कारखान्यात बांधण्यास प्रारंभ केल्यापासून मध्यमवर्गीय कुटुंबांच्याही ती आवाक्यात आली. पुढे जनरल मोटर्ससारख्या बड्या कंपनीने १९७३ ते १९७८ ह्या काळात जी सुमारे तेरा हजार मोटारहोम बांधली, त्यांपैकी कित्येक आजही हौशी मालकांनी जिवापाड जपलेली आहेत. त्या काळच्या ह्या गाड्यांची इंजिने सात-साडेसात लिटरची, म्हणजे आपल्याकडच्या पाच-सहा सामान्य मोटारींची इंजिने एकत्र करावीत एवढी. त्यांचा आहारही तदनुरूप. एका लिटरमध्ये साडेतीन-चार किलोमीटर चालली तर मालक समाधानाने मिशीवर हात फिरवतो. उभ्या जागी मंद फिरणाऱ्या अशा इंजिनाला तासाला तीन-चार लिटर पेट्रोल पुरते, परंतु पाच टनांचे घर घेऊन तेच इंजिन घाट चढू लागले की त्याची भूक मिनिटाला जवळजवळ लिटरभर होते. हे दोन आकडे वाचकाने ध्यानात ठेवावेत, कारण सपाटीवर दिवसभर निर्वेध धावणारी गाडी चढावरच का रुसते, ह्या कोड्याचा अर्धा उलगडा त्यांतच आहे. इंधनाच्या वाटेत अर्धवट अडथळा असेल तर सपाटीवरची गरज कशीबशी भागते. चढ मात्र थकबाकीसह सारा हिशेब मागतो.

आता ही वाट कशी आहे ते पाहू. पेट्रोलची टाकी बहुधा गाडीच्या मागच्या अंगाला, इंजिन पुढे, आणि मध्ये पंधरा-वीस फुटांची नळी, तीही कोठे पोलादी तर कोठे रबरी. आजच्या मोटारींत विजेवर चालणारा पंप टाकीतच बुडवलेला असतो व तो पेट्रोल पुढे ढकलतो. जुन्या मोटारहोममध्ये मात्र पंप इंजिनाच्या कुशीला बसवलेला असतो आणि तो पेट्रोल स्वतःकडे ओढतो. आपल्याकडचे मेस्त्री ज्याला ‘एसी पंप’ म्हणतात, तोच हा. इंजिनाच्या कॅमशाफ्टवरील उंचवट्याने एक दांडी खालीवर होते, तिच्यामुळे रबरी कापडाचा एक पडदा खेचला जातो व सुटतो, आणि दोन इवल्याशा झडपा पेट्रोलला एकाच दिशेने जाऊ देतात. रचना इतकी साधी, की तिच्या साधेपणाचे कौतुक वाटावे. पण ह्या पंपाचा एक स्वभावधर्म आहे: ढकलण्यात तो शूर आणि ओढण्यात दुबळा.

ओढण्याच्या ह्या दुबळेपणाला निसर्गही हातभार लावतो. द्रवावरचा दाब कमी झाला की तो कमी उष्णतेत उकळतो, हे आपण शाळेत शिकलेलो असतो. पंप नळीतून पेट्रोल ओढतो म्हणजे नळीतला दाबच तर कमी करतो. त्यात पेट्रोल हा एकजिनसी पदार्थ नव्हे. त्यातले हलके घटक चाळीस अंश सेल्सियसच्या आसपासच वाफ होऊ लागतात, आणि तापलेल्या इंजिनालगतची नळी ह्याहून कितीतरी अधिक उष्ण असते. डोंगरावर हवेचाच दाब उतरतो: कोलोरॅडोतील आयझेनहॉवर बोगदा ११,००० फुटांहून उंच आहे, तेथे तो समुद्रसपाटीच्या जेमतेम दोन-तृतीयांश उरतो. शिवाय शंभरास सहा असा चढ असला की गाडीचे तोंड वर जाऊन मागची टाकी इंजिनाच्या मानाने फूटभर खाली जाते, आणि तेवढे पेट्रोल अधिक उचलावे लागते. हे सारे एकवटले की नळीत पेट्रोलऐवजी वाफेचे बुडबुडे येतात. पंप इमानेइतबारे हलत राहतो, पण वाफ नुसती दबते नि फुगते, पुढे काही सरकत नाही. ह्यालाच व्हेपर लॉक म्हणतात. अमेरिकेत थंडीच्या दिवसांत इंजिन चटकन पेटावे म्हणून पेट्रोलमध्ये हलके घटक मुद्दाम अधिक ठेवतात, त्यामुळे टाकीत हिवाळी पेट्रोल आणि आकाशात उन्हाळी सूर्य असा योग जुळून येणारे वसंताचे दिवस ह्या बाबतीत भर उन्हाळ्याहूनही वाईट.

वाफेचा हा कसूर बहुतेकांस ठाऊक असतो, किंबहुना गरजेहून अधिक ठाऊक असतो. इतका, की गाडी चढावर थांबली की कोणताही तपास न करता दोष उष्णतेच्या माथी मारला जातो. वस्तुतः पुष्कळदा खरा गुन्हेगार दुसराच असतो, आणि तो लपतो चमत्कारिक रीतीने. पंपाच्या पुढची नळी फुटली तर पेट्रोल बाहेर उडते, वास येतो, डाग पडतो. कोणाच्याही ते लक्षात येते. पंपाच्या मागची नळी मात्र तडकली तर इंजिन चालू असताना एक थेंबही बाहेर येत नाही, कारण तेथे दाब नसून ओढ असते: पेट्रोल बाहेर जाण्याऐवजी हवा आत शिरते. चिरलेल्या नळीने उसाचा रस पिऊ पाहणाऱ्या पोराची जी गत, तीच पंपाची. तोंडात फसफस पुष्कळ, रस थोडा. आपल्याकडचे मेस्त्री ‘गाडीने एअर घेतली’ म्हणतात ते हेच. गळत नाही म्हणून नळी निर्दोष, असा निवाडा जो मालक देतो, तो पंप बदलतो, कार्बोरेटर उघडतो, पुन्हा पंप बदलतो, आणि दर खेपेस त्याच चढावर येऊन थांबतो.

जुन्या रबराचा घात करणारा आणखी एक पाहुणा म्हणजे इथेनॉल. अमेरिकेत आज विकल्या जाणाऱ्या बहुतेक पेट्रोलमध्ये सुमारे दहा टक्के इथेनॉल असते. सत्तरीच्या दशकात बसवलेल्या नळ्यांनी व पंपाच्या पडद्यांनी त्याची कल्पनाही केलेली नव्हती. इथेनॉल रबर फुगवते, ठिसूळ करते, टाकीत वर्षानुवर्षे बसलेला मळ व गंज सोडवून गाळणीत आणून टाकते, आणि हवेतला ओलावा शोषून घेते. पाण्याचे प्रमाण शेकडा अर्ध्याच्या आसपास गेले की पाणी व इथेनॉल दोन्ही पेट्रोलपासून फुटून टाकीच्या तळाशी बसतात, आणि नळी नेमकी तेथूनच ओढत असते. भारतात २०२५ सालापर्यंत हे मिश्रण वीस टक्क्यांवर गेले. त्यातला काही वाटा कोल्हापूर-सांगलीकडच्या उसाचाही आहे, तेव्हा जुनी पद्मिनी किंवा लँब्रेटा बाळगणाऱ्या मराठी माणसालाही ह्या प्रकरणाशी काही देणेघेणे नाही असे नाही.

मग तपास करावा कसा? माझे मत असे, की पहिला प्रश्न ‘पंप चांगला आहे का’ हा नसून ‘पेट्रोल पोहोचते आहे का’ हा असावा. गाडी बंद पडल्याबरोबर, इंजिन बंद ठेवून, हवेच्या गाळणीचे झाकण काढावे, कार्बोरेटरच्या घशात डोकावावे आणि हाताने अ‍ॅक्सिलरेटरची दांडी ओढावी. आत पेट्रोलची बारीक, जोरकस पिचकारी उडाली, तर कार्बोरेटरच्या वाटीत पेट्रोल आहे व दोष ठिणगीकडे असण्याचा संभव मोठा. कारण तापलेली इग्निशन कॉइल हुबेहूब इंधन संपल्याचे सोंग आणते, मात्र ती इंजिनाला एकदम तोडते, तर पेट्रोलअभावी ते आचके देत देत मरते. पिचकारी उडाली नाही, तर रोख मागे वळवावा. टाकीचे झाकण उघडावे. फुस्स असा आवाज करून हवा आत गेली, तर श्वासमार्ग तुंबला आहे आणि टाकीच पेट्रोलला धरून ठेवीत आहे. हा दोष फुकटात सापडतो व फुकटात दूर होतो, म्हणूनच बहुधा कोणी पाहत नाही. गाळणी काढून कापावी. काही कार्बोरेटरांत आत येणाऱ्या नळीच्या मोठ्या नटामागे बोटाच्या पेराएवढी एक दुसरी गाळणी दडलेली असते, तिची अनेक मालकांस वार्ताही नसते. इंजिन थंड झाल्यावर कार्बोरेटरकडची नळी सोडून तिचे तोंड भांड्यात धरावे व इंजिन किल्लीने फिरवावे. अर्ध्या मिनिटात अर्धा लिटर हे जुन्या पुस्तकांतले सर्वसाधारण माप आहे, आणि चढावरची मिनिटाला लिटरभर ही भूक त्याच्याशी कशी बरोबर जुळते ते पाहण्याजोगे आहे.

ही सारी खटपट करण्यापूर्वी एक गोष्ट अवश्य करावी, जी साध्या मोटारीच्या मालकाला सुचणार नाही. मोटारहोममध्ये फ्रिज व पाणी तापवण्याचा बंब बहुधा गॅसवर चालतात आणि त्यांची बारीक ज्योत कोठेतरी तेवत असते. ती विझवून, गॅसच्या टाकीची चावी बंद करून, आग विझवण्याचे नळकांडे हाताशी घेऊनच पेट्रोलच्या नळीला हात लावावा.

पंपाने भांडे भरले नाही म्हणून तो दोषी, असेही नव्हे. निर्णायक परीक्षा निराळी आहे. मागून येणारी नळी पंपापासून सोडवून तिचे तोंड बुचाने बंद करावे, आणि त्या जागी दोन हात लांबीची नवी नळी लावून ती जवळच ठेवलेल्या स्वच्छ पेट्रोलच्या लहान डब्यात सोडावी. आता भांडे धो धो भरू लागले, तर पंप निर्दोष सुटला. अपराध डब्यामागच्या पंधरा-वीस फुटांत आहे. हवा कोठून शिरते ते पाहण्यासाठी मग पारदर्शक नळीचा वीतभर तुकडा वाटेत तात्पुरता बसवतात व तो टाकीच्या दिशेने एकेक सांधा मागे नेत बुडबुडे कोठे थांबतात ते पाहतात. काम कंटाळवाणे व पाठ मोडणारे असले तरी अंदाजाने सुटे भाग विकत घेत बसण्याहून स्वस्त पडते.

येथे जनित्राविषयी दोन शब्द सांगितले पाहिजेत. घरातील विजेसाठी असलेले हे लहान इंजिन त्याच टाकीतून पेट्रोल घेते, पण त्याची नळी मुद्दाम आखूड ठेवलेली असते, म्हणजे रानात मुक्काम असता दिव्यांच्या व पंख्यांच्या नादात सारी टाकी रिकामी होऊन परतीचा मार्ग खुंटू नये. टाकी पाव राहिली की जनित्र बंद पडते ते ह्यामुळे. त्याला बिघाड समजून कित्येकांनी विनाकारण ते खोलून ठेवलेले आहे.

उपायांत सर्वांत शहाणपणाचा म्हणजे टाकीजवळ विजेचा एक लहान पंप बसवणे. त्यामुळे लांब नळीत ओढीऐवजी दाब येतो, पेट्रोल सहजी उकळत नाही. मात्र हा पंप कार्बोरेटरच्या मानाचा, पाच-सात पौंड दाबाचाच हवा. इंजेक्शनच्या मोटारीतला चाळीस पौंडांचा बसवला तर वाटीतील सुई तो दाब रोखू शकत नाही व पेट्रोल ओसंडते. शिवाय इंजिन थांबले की पंपही आपोआप थांबावा, अशी तेलाच्या दाबावर चालणारी कळ त्याच्या तारेत असावी. नाहीतर अपघातात नळी तुटल्यावरही तो निष्ठेने पेट्रोल ओतत राहील. ह्याउलट अमेरिकन वृद्ध मंडळींचा आवडता उपाय म्हणजे पेट्रोलच्या नळीला ओळीने लाकडी चिमटे लावणे, तेच कपडे वाळत घालण्याचे. लाकूड उष्णता शोषते अशी त्यांची श्रद्धा. मला तरी तो नजर उतरवण्याचाच प्रकार वाटतो. बोरघाटात एके काळी फियाटवाले पंपावर ओले फडके टाकून बसत, त्यात निदान काही पदार्थविज्ञान होते.

अप्पांच्या गाडीला बारा-पंधरा चिमटे होते. त्या दुपारी तासाभराने इंजिन निवले, गाडी रडतखडत उलटी फिरून बेकरपर्यंत आली, आणि दुसऱ्या दिवशी डब्याची परीक्षा करताच पंपाने भांडे असे भरले, की अप्पांचा चेहरा पडला. “म्हणजे जुनाही चांगलाच होता की काय!” ते पुटपुटले. तिसऱ्या दिवशी सकाळी टाकीच्या वर, गाडीच्या तळाशी अगदी अंग चोरून दडलेला हातभर रबरी नळीचा एक तुकडा निघाला. वरून तो काळाभोर, गुळगुळीत, ठणठणीत दिसत होता. वहिनींनी तो सहज बोटांत धरून वाकवला, तेव्हा बाकाच्या बाहेरच्या बाजूला कोरड्या तळ्याच्या भुईसारख्या भेगा उमलल्या, आणि सरळ केल्याबरोबर त्या अशा मिटल्या की कोठे होत्या ते सांगता येईना. त्यांनी तो दोन-तीनदा वाकवून अप्पांना दाखवला. नवी नळी बसली, त्याच संध्याकाळी आम्ही तो चढ न थांबता चढलो. चिमटे मात्र अप्पांनी काढू दिले नाहीत.