वर्दी आहे, पण कोटा नाही

गडचिरोलीत भरतीची जाहिरात निघाली की एक प्रश्न हमखास येतो : "आमचे भाऊ सीआरपीएफमधून रिटायर झाले, माजी सैनिकात फॉर्म भरू ना?" नाही! कितीही वेळा विचारलंत तरी नाहीच. तरीही ऑनलाइन अर्जात 'माजी सैनिक' समोर टिक पडते, भाऊ अभ्यास करतात, निवड यादीत नावही येतं आणि कागदपत्रं तपासताना बाद होतात. तिथे सैन्याचं डिस्चार्ज बुक मागतात. ते आणणार कुठून?

घोळ का होतो, हे उघड आहे. धानोरा-अहेरीकडच्या लोकांना बंदूकधारी जवान दिसतात ते सीआरपीएफचे, विसोऱ्याच्या राज्य राखीव दलाचे, नाहीतर सी-60 चे. इथे लढतात तेच, मरतातही तेच. पण सी-60 ही 1990 साली उभी राहिलेली गडचिरोली पोलिसांची तुकडी, तर सीआरपीएफ केंद्रीय गृह खात्याचं दल. केंद्राच्या 1979 च्या नियमांनुसार माजी सैनिक म्हणजे भूदल, नौदल किंवा हवाई दलातला. त्यातही पेन्शनला पात्र होण्याआधी स्वतःहून सोडून आलेला त्यात बसत नाही. 2012 साली गृह मंत्रालयाने सीआरपीएफसारख्या केंद्रीय सशस्त्र पोलीस दलांतल्या (सीएपीएफ) निवृत्तांना 'माजी सीएपीएफ कर्मचारी' अशी वेगळी ओळख दिली. केंद्राच्या नोकऱ्यांत राखीव जागा काही दिल्या नाहीत. हा अन्याय वाटत असेल तर दिल्लीशी जरूर भांडा. चुकीची टिक करून तो दूर होत नाही.

"फौजी आहे, नोकरी ठेवलेलीच" हे दुसरं पालुपद. राज्यात गट क आणि ड मध्ये माजी सैनिकांना 15 टक्के समांतर आरक्षण आहे, पण परीक्षा द्यावीच लागते. पात्र माजी सैनिक मिळाला नाही, तर जागा त्याच प्रवर्गातल्या इतर उमेदवाराला जाते.

नोकरी लागली की पेन्शन बंद होते? होत नाही. अग्निवीर माजी सैनिक ठरतो? 4 वर्षांनी बाहेर पडणाऱ्याला ना पेन्शन, ना तो दर्जा. फौजीला वॉचमनकीच मिळते? तसंही नाही. कोळसा खाणींत माल भरणाऱ्या-वाहणाऱ्या माजी सैनिकांच्या कंपन्यांना संरक्षण खात्याचं पुनर्वसन महासंचालनालय पुरस्कृत करतं.

शंका असेल तर अर्ज भरून देणाऱ्या दुकानदाराला विचारू नका. डिस्चार्ज बुक घेऊन आधी जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयात जा आणि मगच टिक करा.