नायटीची ओळख

‘दुधी’ म्हटले की आपणांस मांडवाला लोंबणारा भोपळा आठवेल. मी जिच्याविषयी बोलणार आहे ती दुधी पायाखालची आहे. फरशीच्या फटीत, विहिरीच्या काठाशी, रेल्वेच्या खडीत ती उगवते. देठ खुडला की पांढरा चीक येतो, आणि तेवढ्यावरून आपण तिला दुधी किंवा नायटी म्हणून मोकळे होतो.

या तणाकडे नीट पाहण्याची संधी मला चेन्नईच्या दक्षिणेस तांबरम येथे मिळाली. मद्रास ख्रिश्चन कॉलेज १९३७ साली शहरातून येथे आले, आणि त्याच्या आवारात काटेरी झुडपांचे रान अजून राखलेले आहे. आपल्याकडे पाऊस सरतो तेव्हा तेथे ईशान्येचा पाऊस सुरू होतो. तो ओसरला की पायवाटा नायटीने भरून जातात. त्याच तांबरममध्ये २००५ साली राष्ट्रीय सिद्ध संस्थेचे रुग्णालय सुरू झाले. सिद्ध वैद्यकात ‘अम्मान पच्चरिसि’ या नावाची वनस्पती औषधात घेतात. पच्चरिसि म्हणजे कच्चा तांदूळ. ही आपली मोठी नायटी. आपल्याकडेही दम्या-खोकल्यावर ती देत आले आहेत. तेव्हा ओळखीतली चूक ही केवळ वनस्पतिशास्त्रज्ञांची चूक राहत नाही; ती रोग्याच्या पोटात जाते.

मोठी नायटी ओळखणे त्यातल्या त्यात सोपे. ती उभी किंवा अर्धवट उठलेली असते, देठावर पिवळसर राठ केस असतात, पाने समोरासमोर, आणि पुष्कळदा पानाच्या मध्यावर जांभळट डाग दिसतो. पानांच्या बगलेत फुलांचे दाट गोळे असतात. आपण हिला अगदी गावठी औषध समजतो. मूळची ती अमेरिकेतली.

खरा घोटाळा जमिनीसरपट पसरणाऱ्या धाकट्या बहिणींचा. लहान नायटी आणि तिच्यासारखीच दिसणारी ‘युफोर्बिया प्रोस्ट्राटा’ शेजारी शेजारी वाढतात. दोघींचे देठ तांबूस, पाने इवलीशी, पानांचा तळ एका बाजूस तिरका. एके सकाळी मी मोठ्या अभिमानाने लहान नायटीची जुडी गोळा करून आणली. भिंगाखाली धरली तेव्हा त्यात या दोन्ही निघाल्या! पानांवर भिस्त ठेवल्याचे ते फळ.

निर्णय द्यावा लागतो तो बोंडाने. पण त्याआधी फुलाची गोष्ट सांगितली पाहिजे, कारण आपण ज्याला या वनस्पतीचे फूल म्हणतो ते एक फूल नव्हेच. तो एक चिमुकला पेला असतो. त्याच्या मध्यभागी एकच स्त्रीपुष्प, आणि भोवती अनेक नरपुष्पे. प्रत्येक नरपुष्प म्हणजे एकुलता एक पुंकेसर. लिनीअससारख्या महापंडितानेही १७५३ साली हा सगळा संसार एकच फूल धरून त्यातले पुंकेसर मोजले होते. पुढे प्रत्येक पुंकेसराच्या देठाला सांधा असल्याचे ध्यानात आले, आणि सांध्यापलीकडचा तो तंतू एक स्वतंत्र फूल ठरला.

आता बोंड. ते तीन कप्प्यांचे, मोहरीहून फारसे मोठे नसते. लहान नायटीच्या बोंडावर सर्वत्र बारीक लव असते, आणि त्याचा देठ इतका आखूड की ते पेल्याबाहेर पुरते येतच नाही. वाढता वाढता पेल्याची एक बाजू फाडते. प्रोस्ट्राटाचे बोंड मात्र देठावर स्पष्ट बाहेर लोंबते, आणि त्याचे केस फक्त तीन धारांवर ओळीने असतात. मधली अंगे गुळगुळीत. एकदा हा फरक दिसला की तो पुन्हा चुकत नाही. सांध्यासांध्याला मुळे फुटलेली, बोंडासकट अंगभर गुळगुळीत अशी तिसरी सरपट जात भेटली, तर ती ‘युफोर्बिया सर्पेन्स’ असण्याचा संभव आहे.

म्हणून औषधासाठी वनस्पती गोळा करणाऱ्याने ती बोंडे धरलेली असताना उपटावी आणि बोंडांसह वाळवावी. एकदा चूर्ण झाले की साधे भिंग काही सांगू शकत नाही.

याच कुळातली थोरली मंडळीही त्या कोरड्या मुलखात दिसतात, आणि त्यांचाही घोटाळा होतो. फड्या निवडुंग आणि तीनधारी निवडुंग यांना आपण एकाच नावाने हाक मारतो. फड्याला चीक नसतो. तो अमेरिकेहून आलेला वेगळ्याच कुळातला पाहुणा. तीनधारीचे काटे जोडीजोडीने असतात आणि टोचताच दूध वाहते. शेराला तर काटेच नाहीत, नुसत्या पेन्सिलीसारख्या हिरव्या कांड्या; त्यामुळे मुले तो निर्धास्तपणे मोडतात. कुंपणाचा शेर छाटताना मात्र डोळे जपावेत. त्याचा चीक डोळ्यांत गेला तर भयंकर दाह होतो आणि दृष्टीलाही इजा पोहोचू शकते. तसे झाल्यास डोळा न चोळता बराच वेळ स्वच्छ पाण्याने धुवावा आणि विलंब न करता डॉक्टर गाठावा.